डबड्याला झेपेल का?

मी सलूनमधला गेम कन्सोल बोलतोय. माझ्याएवढं ताकदवान यंत्र या गल्लीत दुसरं नाही. खरं सांगायचं तर या गल्लीत दुसरा कन्सोलच नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथे वासरंही नाहीत.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझाही थाट होता. पहिला मालक मला उशाशी घेऊन झोपायचा. नवं मॉडेल आलं आणि त्याच्या तोंडी मी 'डबडं' झालो. माणसाची माया पुढचं मॉडेल येईपर्यंतच. त्याने मला सलूनवाल्या दादांना देऊन टाकलं. ताटकळलेल्या गिऱ्हाइकांना रमवायला मी आरशाखालच्या फळीवर बसलो.

दादांची एक खोड सांगून ठेवतो. फळीवरचे केस ते फडक्याने पुसत नाहीत, ड्रायरने फूं करून उडवतात. फळीच्या टोकाला मी. पुढचं तुम्हाला समजलं असेल. दादांना आजवर समजलेलं नाही.

दादांचा मेहुणा मोबाइलच्या दुकानात नोकरीला. समोरच्याचा फोन कसा जुनाट आहे, हे सांगण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. परवा तो नव्या गेमची डिस्क आणि भलीमोठी पिशवी घेऊनच आला. दादा तेव्हा शिंपीकाकांची दाढी करत होते. एक गाल झाला होता.

"भाऊजी, हा राक्षसाचा गेम डबड्याला झेपायचा नाही. आत ताकद लागते."

"अरे शहाण्या, गेमवाले हुशार असतात. लांबची झाडं कमी केली, पाणी जरा कमी चकाकलं, की गरिबाघरीही गेम चालतो."

"म्हणजे विहिरीत पोहायचं, पण पाणी उपसून?"

"तुला राक्षस मारायचाय की झाडं मोजायचीत?"

पैज लागली. पडद्यावरच्या नगराची वेस गेमने ओलांडली तर मी राहणार, नाहीतर भंगाराच्या पिशवीत. माझ्या जिवावर दोघे पैलवान.

मी कंबर कसली. डोंगर मेणासारखे वितळलेले, राक्षसाच्या नाकाचा पत्ता नाही. आधी सावली यायची, झाड मागाहून. पण चाललो. वेस दिसली आणि मला धाप लागली. पंखा घरघरला. दादांनी मायेने ड्रायर घेतला आणि मला वारा घातला. फळीवरचे उरलेसुरले केसही नाकात गेले. पडदा काळा.

"बघा, मी काय म्हणत होतो," म्हणत मेहुण्याने मला उलटं करून पिशवीत कोंबलं. त्या दणक्याने माझ्या जाळीतून केसांचा बोळा बाहेर पडला. काळे, पांढरे, कलप लावलेले. अख्ख्या गल्लीची डोकी माझ्यात होती, अक्कल मात्र कुणाचीच नव्हती.

दादांनी मला हिसकावून पुन्हा जोडलं. गेम वेस ओलांडून थेट राक्षसापुढे उभा राहिला.

"जिंकलो," दादा म्हणाले.

"याला चालणं म्हणतात? हे रांगणं झालं. आणि मध्ये बंद पडलं त्याचं काय?"

"दम खायला थांबलं होतं. तू जिना चढताना थांबत नाहीस?"

मेहुण्याने पिशवीची घडी केली, पण काखेत धरूनच ठेवली. लोकहो, ताकदीवर डोकी फोडण्याआधी यंत्राच्या जाळीवर एकदा फुंकर मारा, एवढंच माझं मागणं. पण मला तोंड नाही आणि या दोघांना कान नाहीत.

शिंपीकाका मात्र खुर्चीतून वळले. दुसऱ्या गालावरचा फेस वाळून त्याची खपली झाली होती.

"डबड्याला राक्षस झेपला," ते म्हणाले, "आता तुम्हा दोघांना मिळून माझी अर्धी दाढी झेपते का, तेवढं सांगा."