डोह आणि बादली

कॅनडातली ही सस्कॅचवान नदी सगळ्यांना सारखंच देते, असं पाद्रीबाबा दर रविवारी सांगत. ओनेझिम मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, पाद्रीबाबांना शेत नाही.

फ्रेंच आणि आदिवासी रक्ताच्या जुन्या मेटी मंडळींनी जमिनी वाटताना कुणाच्या पोटात दुखू नये म्हणून लांबलचक, चिंचोळ्या पट्ट्या पाडल्या होत्या. प्रत्येक पट्टीचं तोंड नदीला. पाणी, सरपण, गवत, मासे, सगळं सगळ्यांना. नदीनं मात्र कुणाला न विचारता वळण घेतलं. वळणावरचा खोल डोह गेला शेजारच्या क्लेओफासकडे, म्हणजे ओनेझिमच्या मेहुण्याकडे. ओनेझिमच्या वाट्याला गोटे.

रोज संध्याकाळी क्लेओफास बादली घेऊन यायचा आणि पिवळ्या डोळ्यांचे दोन मासे बहिणीच्या हातात ठेवायचा. व्हर्जिनी ते तळायची आणि सोबत भावाचं कौतुक वाढायची. मासा चविष्ट असायचा, हेच ओनेझिमच्या घशात अडकायचं.

नदीवरचं बर्फ फुटलं त्या आठवड्यात त्यानं विषय काढला. नुसते काठ बदलू; डोह मला, गोटे तुला, वर माझी तांबडी घोडी. क्लेओफासनं चिलीम विझेपर्यंत विचार केला.

"घ्या डोह, दाजी. पण बादलीही घ्यावी लागेल."

"दे की. ती काय जड आहे?"

"होते हळूहळू."

तुझा भाऊ भोळा, बादलीसुद्धा देऊन बसला, असं ओनेझिमनं घरी सांगितलं. व्हर्जिनी कणीक मळत राहिली.

दुसऱ्या दिवशी जाळ्यात बावीस मासे आले. तो ते धुरीवर टांगणार, तेवढ्यात व्हर्जिनीनं बादली पुढे सरकवली. ज्याचा डोह, त्यानं दहा घरी दोन-दोन मासे पोचवायचे. आमच्या आजोबांच्या वेळेपासूनची रीत, ती म्हणाली. आधी म्हातारी रोझालीचं घर, मग नदीच्या खालच्या अंगाची बाकीची.

"मला वाटायचं, तो तुझ्या मायेनं आणतो," ओनेझिम म्हणाला.

"मलाही तो तेच सांगायचा."

दहावं घर क्लेओफासचं. दारात तांबडी घोडी, बाकावर क्लेओफास आडवा. त्यानं बादलीत डोकावून पाहिलं.

"आज जरा बारीक आहेत, दाजी."

ओनेझिम घरी पोचला तेव्हा बादलीत दोन मासे उरले होते.