बारानंतरची कडी

नरहरी सर माझ्यापासून काहीतरी लपवतात, हे मला तिसऱ्याच रविवारी वाटू लागलं.

भुकूमला जयाबाईंच्या घरात त्यांनी माडीवरची खोली भाड्याने घेतली होती. आठवडाभर पौडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि फक्त रविवारी स्वतःचं चित्र काढायचे. त्यांचे डोंगर मी पुण्यात एका प्रदर्शनात पाहिले होते. मीही डोंगरच रंगवते. पिरंगुटला रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी. त्यामुळे छटा बरोबर जुळवता येते. तरी त्या प्रदर्शनाच्या निवडीतून माझं चित्र दोनदा परत आलं होतं. दोन्ही वेळा शेरा एकच : रंग नेमके, चित्र सपाट. २००४ च्या प्रदर्शनासाठीचं चित्र तयार होतं. ते पाठवण्याआधी सरांची पद्धत मला कळायला हवी होती.

रविवारी दहा ते बारा त्यांचं काम बघत बसायची परवानगी मिळाली. कशालाही हात लावायचा नाही, एवढीच अट. बाराला सर "झालं" म्हणत, आणि मी जिना उतरेपर्यंत आतून कडी लागलेली असे.

पहिल्या रविवारी कोऱ्या कॅनव्हासवर डोंगर आला, पायथ्याशी विहीर. मला ती फार आवडली. पुढच्या रविवारी त्यांनी त्या सगळ्यावर पातळ गेरू फासला आणि नव्याने सुरुवात केली. तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच, या वेळी राखाडी. माझ्यासमोर ते मुद्दाम बिघडवतात आणि खरं काम बारानंतर करतात, असा मी निष्कर्ष काढला.

"जयाबाई, बारानंतर सर काय करतात?"

"मला काय म्हाईत? कडी लावून घेत्यात. डोंगर हितं समोर हाय, आन् हे भिताडाकडं तोंड करून काढत्यात. शिकल्याली मानसं तुमी."

सातव्या रविवारी सर पाणी आणायला खाली गेले, तेव्हा मी कॅनव्हासच्या कडेचा रंगाचा तुकडा नखाने काढला.

सोमवारी तो रेझिनमध्ये बसवून, थर उघडे पडेपर्यंत कडेने घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पत्र्यावरचा रंग आम्ही असाच तपासतो. साती रविवारांचे थर माझ्या टिपणांच्या क्रमाने निघाले. जास्तीचा, म्हणजे बारानंतरचा, एकही नव्हता. वरचे थर इतके पातळ होते की त्यांतून खालचा गेरू दिसत होता.

आठव्या रविवारी मी सूक्ष्मदर्शकातून काढलेला थरांचा फोटो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी आधी कॅनव्हासची कड पाहिली.

"विचारायचंत ना."

"तुम्ही सांगणार नाही असं वाटलं. बारानंतर कडी लावता."

"झोपतो मी, मेधाताई. कडी नसली की जयाबाई डोंगर कसा काढावा ते सांगायला वर येतात."

मग त्यांनी फोटोच्या तळावर बोट ठेवलं. "हा विहिरीचा दिवस?"

"हो."

"म्हणजे आहे अजून." ते बराच वेळ पाहत राहिले. "आता तुमच्या चित्राचा तुकडा काढा."

"एकच थर निघेल, सर."

"मग शुक्रवारी, शेवटच्या तारखेला, प्रदर्शनाला काय पाठवणार? आज बसू नका," ते म्हणाले.

घरी येऊन तयार चित्र पुढ्यात घेतलं. तीन महिन्यांत त्यातली एक रेघही मी खोडली नव्हती. गेरू टर्पेंटाइनमध्ये पातळ केला आणि माथ्यापासून खाली फासत आणला.

शुक्रवारी ते ओलंच होतं. ते न पाठवताच मी कामावर गेले.