सांबर ओरडलं तर

हर्षाचा मोबाईल दिवसातून तीनशे वेळा केकाटायचा आणि ती तीनशे वेळा त्याच्याकडे कानाडोळा करायची. तिचाही दोष नव्हता. नागपूरच्या एका छोट्या कंपनीची जंगलसफारीच्या बुकिंगची साईट ती सांभाळायची, आणि सर्व्हरला नुसती शिंक आली तरी तिच्या फोनवर इशारा यायचा. पान अर्धा सेकंद उशिरा उघडलं, इशारा. कुणी पासवर्ड चुकवला, इशारा. उन्हाळी बुकिंगच्या दिवशी या गोंगाटात एक खरा इशाराही आला होता, की पैसे भरायची वाट तुंबत चालली आहे. तो हर्षाच्या नजरेस पडेपर्यंत साईट आडवी झाली होती, ती दोन तास उठली नाही.

आता हिवाळ्याचं बुकिंग रविवारी सकाळी दहाला उघडणार होतं. तिचा साहेब राजदीप याने गोड आवाजात सांगून टाकलं होतं, "या वेळी साईट पडली तर नागपूरला ये आणि आमच्यासमोर बसून काम कर. गावातून पुरे झालं." हर्षाला नागपूर नको होतं. तिथल्या भाड्याच्या खोलीत चार वर्षं काढून ती मोठ्या मुश्किलीने चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतली होती. गाव जंगलाच्या गेटला लागून, गेटसमोर आईची, अंजनाबाईची, चहाची टपरी, आणि गावात नेटवर्क काय ते त्या टपरीवरच. इथून उठायचं या विचारानेही तिला रडू यायचं.

वडील वामनराव बावीस वर्षं जंगलात गाईड. पोरगी मोबाईल पाहते आणि तिला पगार मिळतो, हे ते गावात अभिमानाने सांगत आणि घरी संशयाने. गुरुवारी टपरीवरच जेवताना फोन सतरा वेळा वाजला तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

"एवढा बोंबलून राह्यला, तू उठत काऊन नाई?"

"रोजचंच आहे बाबा त्याचं."

"मंग हे चितळ झालं," वामनराव म्हणाले. "पान हाललं तरी ओरडते. त्याच्या मागं गाडी पळवली तर डिझल जाते, वाघ भेटत नाई. वानर ओरडलं तर जरा थांबाचं, पाहाचं. पण सांबर ओरडलं का गाडी वळवाची. थे उगाच ओरडत नाई."

हर्षाची भाजी थंड झाली, पण डोक्यात दिवा पेटला. दोन दिवस बसून तिने सगळे इशारे निवडले. चितळांना आवाज नाही, त्यांनी गुपचूप वहीत नोंद करायची. वानरांनी नुसतं थरथरायचं. सांबर म्हणून फक्त चार गोष्टी ठेवल्या. गर्दीसाठी सर्व्हर वाढवले होतेच, वर साईटच्या दारात रांग लावली. गेटवर सगळ्या जिप्सी एकदम आत सोडत नाहीत, तसे लोकही थोडे थोडे सोडायचे, बाकीच्यांनी आपला नंबर पाहत बसायचं. मग तिने बाबांना सांबराचा आवाज काढायला लावला. वामनरावांनी तोंडाशी हात धरून असा "ढाँक" काढला की दारातलं कुत्रं खाटेखाली घुसलं. तो तिने फोनमध्ये भरून घेतला आणि सांबराच्या इशाऱ्यांना लावला.

रविवारी दहाला चाळीस हजार माणसं साईटच्या दारात उभी राहिली. चितळांनी वहीत नऊशे ओळी लिहिल्या. फोन मात्र चूप. हर्षाने तो दोनदा उचलून पाहिला आणि परत फळीवर ठेवला.

"बिघडला का व फोन?" अंजनाबाईने चहा गाळता गाळता विचारलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी सकाळच्या अकरा जिप्सी गेटबाहेर आल्या. पुढच्या गाडीत वामनराव. वाघ कुणालाच दिसला नव्हता, पाहुण्यांचे चेहरे आंबले होते. नेमका तेव्हा टपरीच्या फळीवरून आवाज आला. ढाँक!

करकचून ब्रेक लागला. पाहुण्यांचे मोबाईल आत जातानाच गेटवर जमा झालेले, त्यामुळे फोनचा संशय कुणालाच आला नाही. खुद्द वामनरावांनी हात वर केला आणि टपरीमागच्या बांबूकडे बोट दाखवलं. अकरा इंजिनं बंद झाली. साठ-पासष्ट माणसं श्वास रोखून उभी राहिली.

हर्षाने लॅपटॉप ओढला. पैसे भरायची वाट, तीच ती, नव्वद टक्के भरलेली. तिने रांगेतून आत सोडायची माणसं निम्मी केली आणि पैसे भरायला आणखी दोन वाटा उघडल्या. गेटवर आवाज होता तो फक्त तिच्या बोटांचा. अंजनाबाईची गाळणी तशीच हवेत होती. सत्तर. पंचावन्न. चार मिनिटांनी आकडा चाळीसवर येऊन टेकला. साईट पडली नव्हती. मोबाईल थरथरला. राजदीपचा मेसेज होता, "पाहिलं मी. तू तिथेच बस."

हर्षाला ओरडावंसं वाटलं, पण मान वर केली तर अकरा गाड्या तिच्याच टपरीकडे टक लावून बसलेल्या. वामनरावांची नजर बांबूवरून फळीवरच्या फोनवर आली, फोनवरून पोरीच्या हसऱ्या, ओल्या डोळ्यांवर. आपण आपल्याच आवाजाला फसलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हात सावकाश खाली घेतला.

"काय हो गाईड," लांब भिंगाच्या कॅमेऱ्याचा पाहुणा कुरकुरला, "वाघ तर आलाच नाही."

वामनराव गाडीतून उतरले आणि अंजनाबाईच्या हातून चहा घेतला.

"आल्ता साहेब," ते म्हणाले. "माह्या पोरीनं परतवला."