कालचं कमाल, आजचं किमान

"बाबा, तुमी हवामानवाले ना? मंग तुमीच सांगा, कोणत्या महिन्यात येऊ आमी?"

मेलबर्नहून पायल विचारत होती आणि इकडे अकोल्यात बुधाजी फोन धरून बसले होते. चौतीस वर्षं त्यांनी एका सरकारी वेधशाळेत तापमान वाचलं, लिहिलं, वर पाठवलं. पण हवेबद्दल त्यांना सल्ला कुणी विचारला नव्हता. गल्लीतले लोकसुद्धा पाऊस कधी येणार हे टीव्हीला विचारत. आता निवृत्तीनंतर पहिल्यांदा विचारणा झाली, तीही पोटच्या पोरीकडून, आणि खरं उत्तर देता येत नव्हतं.

मागून जावई नागसेन बोलला, "मामाजी, घोळ असा हाय का लडाख पाह्याचं तं जून-जुलै लागते. केरळ पावसानंतर. राजस्थान थंडीत. इतला मोठा देश आपला, सगळीकडं एकाच वक्ती चांगली हवा नसतेच. म्हणून लडाख सोडून देऊ अन् डिसेंबरात येऊ. आपल्या खुशीच्या शाळेलेबी तवाच मोठी सुट्टी रायते. चार दिवस अकोल्याले ठेवतो."

जावयाचं बरोबर होतं. डिसेंबरच. वऱ्हाडात जन्मलेलं कुणीही डोळे मिटून हेच सांगेल.

बुधाजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्यांची बायको मनकर्णा भिंतीला टेकून लसूण सोलत होती. एक पाकळी सोलायची, थांबायची, श्वास घ्यायचा, मग दुसरी. गेल्याच आठवड्यात तिला तपासून अमरावतीच्या डॉक्टरांनी बुधाजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दोन महिने. फार तर अडीच." मार्च नुकता लागला होता. मनकर्णेनं ते दाराआडून ऐकलं. परतीच्या एसटीत मूर्तिजापूरच्या स्टँडवर तिनं खिडकी उघडली. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "पायलले सांगसान तं याद राखजा. मले पाह्याले येणारी पोरगी नोको. रडत येईल, रडत बशील, रडत जाईल. मले फिराले येणारी पोरगी पायजे."

घरी आल्यावर तिनं बुधाजींना बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं करून तसं कबूल करून घेतलं. बुधाजी दिल्या शब्दाचे पक्के. हेच तर नडलं.

"एप्रिलात या," बुधाजी म्हणाले.

 पायल खो खो हसली. "एप्रिल? अकोल्यात? बाबा, बरे हाय ना तुमी?"

"यंदा उन्हाळाच नाई पायल. हवा फिरली हाय. रातच्याले चादर लागते. खुशीले एप्रिलातबी दोन आठवडे सुट्टी असते ना? मंग! मी आकडा धाडतोच रोज. पाय तू."

लसूण सोलणारा हात थांबला. मनकर्णेनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

बुधाजींच्या अंगणात पांढऱ्या झडपांची एक लाकडी पेटी होती, चार पायांवर उभी, तोंड उत्तरेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी सुताराला बसवून ती करून घेतली. आत दोन तापमापकं. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला ते पेटी उघडत, श्वास रोखून डोळे पाऱ्याच्या बरोबर समोर आणत आणि वहीत लिहीत. सकाळी घरच्या ग्रुपवर पाठवत: कालचं कमाल, आजचं किमान, जय भीम. या मेसेजला पायल रोज अंगठ्याची खूण पाठवायची. लहानपणी तिला एकदाच मार बसला होता, तोही वेधशाळेतल्या अशाच पेटीपायी. तिनं न बघता 'अंदाजे चाळीस' सांगितलं होतं. "अंदाजे म्हंजे काय वो?" बुधाजी भडकले होते. "पाह्यलं असलं तं सांग, नाई तं नाई पाह्यलं म्हण!" अशा माणसानं आता खोटं बोलायचं होतं, आणि तेही आकड्यात.

दुसऱ्या दिवशी पारा साडेसदतीसला होता. वहीत त्यांनी साडेसदतीस लिहिलं. फोनवर साडेतेहतीस टाइप केलं आणि कितीतरी वेळ अंगठा वरच धरून बसले. आपल्यालाच कुणी बघत असल्यासारखं त्यांना वाटत राहिलं. मग पाठवलं. 

पुढे ते रोजचंच झालं. एकोणचाळीस झालं की चौतीस, चाळीस झालं की पस्तीस. पायलचा अंगठा रोज येत होता, तिकिटाचं मात्र नाव नव्हतं. मनकर्णेच्या पायांना सूज चढली. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवून ती हळूच काढून ठेवायची. बुधाजी कॅलेंडरवर उरलेले दिवस मोजायचे. सांगून टाकावं, शब्द गेला खड्ड्यात, असं दिवसातून दहादा वाटे. मग मनकर्णा दिसे, आणि धीर सुटे.

एका सकाळी तीच म्हणाली, "काल चाळीस होतं ना?"

"होतं."

"अन् पोरीले पस्तीस सांगतलं?"

"हो."

"वहीत काय लिवलं?"

"वहीत खरं हाय."

"बरं," मनकर्णा म्हणाली. "तिले काई सांगा. वही नोका खराब करू."

बुधाजी बाहेर आले आणि पेटीजवळ उभं राहून लहान पोरासारखे रडले. या बाईनं सगळं ओळखलं होतं, आणि तिलाही पोरगी हवीच होती. बाई गं, मग तोंडानं का नाही म्हणत!

त्याच रविवारी पायलचा फोन आला. "बाबा, फोनवर एकोणचाळीस दाखवून राह्यलं. तुमी चौतीस म्हणता. हे काय?"

बुधाजी म्हणाले, "फोनवाल्याहिनं कोठी झडपांची पेटी लावली? गाड्याच्या धुराजवळ मोजत असतील."

 नागसेन मागे काहीतरी पुटपुटला. मग ती म्हणाली, "जाऊ द्या. फोन चुकू शकते, माहा बाप नाई चुकत. काढतो आमी तिकिटं. तुमच्या जावयाले सुट्टी नाई भेटत, मी अन् खुशी येतो."

बुधाजींनी फोन खाली ठेवला. पोरगी येणार म्हणून आनंद, आणि ती ज्या भरवशावर येतेय त्याची लाज, दोन्ही एकदम छातीत दाटलं.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता मुंबईची गाडी अकोल्याला लागली. फलाटावर अनवाणी पाय टेकवत नव्हता. पायल उतरली, अंगावर हलकं स्वेटर. खरंच आणलं होतं पोरीनं! खुशीला तिनं उतरवून घेतलं, दोन श्वास घेतले. भट्टीच्या तोंडाशी उभं राहावं तशी हवा होती. तिनं स्वेटर काढलं, हळूहळू घडी घातली. हवेबद्दल चकार शब्द काढला नाही. बापाकडे एकटक बघत तिनं विचारलं,

"बाबा, आईले काय झालं?"

बुधाजी मुद्दाम ठरवलेली सगळी वाक्यं विसरले. "तुले कोणं सांगतलं?"

"कोणीच नाई. तुमी आकडा खोटा सांगतला. मंग काय असंल ते मोठंच असंल ना, बाबा?"

तिथेच सिमेंटच्या बाकावर त्यांनी सगळं सांगितलं. मूर्तिजापूर, डॉक्टर, अडीच महिने. शेवटी हात जोडले. "शब्द मोडला मी. तिच्यासमोर रडू नोको माये. तिले फिराले येणारी पोरगी पायजे."

पायल उठली. फलाटावरच्या नळाखाली तिनं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, तिसऱ्यांदा धुतलं. नळाचं पाणीही गरम होतं. मग पर्समधून गॉगल काढून लावला, लेकीचा हात धरला. "चला. मी फिराले आली."

मनकर्णा नवी हिरवी साडी नेसून खुर्चीत बसली होती. सुजलेले पाय तिनं साडीखाली झाकून घेतले होते. पायल दारातूनच ओरडली, "अगं माय, काय गारवा हाय गं! बाबा सांगत होते, मले खरंच नव्हतं वाटत!"

"मंग!" मनकर्णा म्हणाली. धाप दाबून ती हसली. "यंदा उन्हाळाच नाई पडला बाप्पा. या, बसा. पन्हं करू का चहा?"

"चहाच कर. थंडीत चहाच बरा."

"तूच कर मंग. मी आता पाव्हणी."

खुशी मधेच म्हणाली, "पण आजी, किती गरम..." पायलनं तिला पोटाशी ओढून घेतलं आणि तिचे केस सारखे करत बसली. मनकर्णा आणि पायल, दोघी मायलेकी हसत होत्या. पंख्याखाली दोघींच्याही कपाळावरून घाम ओघळत होता, आणि दोघीही तो पुसत नव्हत्या.

साडेपाच वाजले. सवयीनं बुधाजी उठले, वही घेतली, अंगणात आले. पेटी उघडली. श्वास रोखून डोळे पाऱ्याच्या समोर आणले. आतून पुन्हा हसू आलं, मनकर्णेचं, मग खोकला, मग पुन्हा हसू. पाऱ्याची रेघ काही केल्या दिसेना. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

त्यांनी पेटी लावली. वही गुडघ्यावर उघडली आणि त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं: अंदाजे ४३.