बांधलेलं चाक

भट्टीवर एकवीस वर्षं काढलेल्या बाईने भट्टीप्रमुख होऊ नये, हे उघड लिहिण्याइतकं धैर्य व्यवस्थापनात नव्हतं. म्हणून त्यांनी लेखी परीक्षा ठेवली आणि तीत गणितातलं आंशिक विकलन (पार्शल डिफरन्सिएशन) घातलं. फरशा भाजताना ते कुणालाच कधी लागलं नव्हतं, हीच त्याची पात्रता.

परीक्षेच्या सकाळी काकू (अख्खा कारखाना तिला काकूच म्हणे) कॉलेजात शिकणाऱ्या लेकीसमोर वही उघडून बसली होती.

"क्षचा वर्ग गुणिले य. फक्त क्षच्या बदलाने काय होतं, ते काढ."

काकूने लिहिलं : दोन क्ष.

"आई, य कुठे गेला?"

"त्याचंही विकलन केलं की. एक आला."

"त्याला हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

"शेजारी बसलाय बिचारा, त्याला उपाशी ठेवू?"

"ठेव! आत्ता तो जागचा हलणार नाही."

काकूची पेन्सिल थांबली. भट्टीला दोन चाकं : एक गॅसचं, एक हवेचं. म्हातारा मिस्त्री ज्योत जुळवताना हवेचं चाक फडक्याने नळीला करकचून बांधी आणि गॅसचं बोटभर फिरवी; मग ते सोडून दुसरं बांधी. नवखे दोन्ही एकदम फिरवत. फरशा तडकल्या की दोष कुठल्या चाकाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नसे.

तिने यभोवती एक गाठ काढली. "बांधला." मग लिहिलं : दोन क्ष य.

"अगं, हा उत्तरात परत आला!" काकू म्हणाली.

"येणारच," लेक म्हणाली. "बांधलाय, मेला नाही."

काकू त्या अक्षराकडे बघत राहिली. हवा कोंडलेली असली तर बोटभर गॅस ज्योतीला जाणवतही नाही. हवा मोकळी असली तर तोच बोटभर गॅस भुवया जाळतो. बांधलेलं चाक गप्प राहूनही मोकळ्याचा जोर ठरवतं. एकवीस वर्षं हे तिच्या चेहऱ्याच्या कातडीला ठाऊक होतं. आणि भट्टीची धगही न लागलेल्या कुणीतरी, कुठेतरी बसून, ते तीन खुणांत मांडून ठेवलं होतं. तिने यभोवतीची गाठ पुन्हा गडद गिरवली.

दुपारी तिच्या उत्तरपत्रिकेवर परीक्षा घेणारे साहेब वाकले.

"काकू, ही गाठ कसली? पुस्तकात अशी खूण नाही."

"पुस्तकवाल्याने फडकं सोडून ठेवलं असेल, साहेब."

साहेबांनी उत्तरं तीनदा तपासली. चूक सापडेना, पूर्ण गुण द्यावे लागले, आणि गुणांमागोमाग पदही.

सोमवारी भट्टीप्रमुख म्हणून पहिली ज्योत जुळवायला ती उभी राहिली. हवेच्या चाकाला तिने नेहमीचं फडकं गुंडाळलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच गाठ मारताना तिने त्या चाकाला नावाने हाक मारली : य.