कांदा चिरणारी आई

आईने लिहिलेलं गोष्टीचं पुस्तक पुन्हा निघणार म्हणून मी हौसेने प्रकाशकाकडे गेले आणि डोकं फिरवून घेतलं. संपादकबाई माझ्या लेकीएवढी, बोलायला साखर. सुधारलेली प्रत समोर सरकवून म्हणाली, “मावशी, फार काही केलं नाही. मांजर दूध सांडतं आणि आई चिंगीला थप्पड मारते ना, तेवढी थप्पड काढली. हल्ली शाळा असलं घेत नाहीत.”

मी शेवटचं पान उघडलं. आई चिंगीला पोटाशी धरून रडते, ते होतं तसंच. फक्त आईच्या हातात सुरी आणि पुढ्यात कांदा आला होता.

“हा कांदा कुठून उपटलास?”

“थप्पड गेल्यावर आई का रडते ते कळेना. म्हणून कांदा चिरायला बसवलं.”

“अगं बाई! आणि ‘चुकलं गं माझं’ म्हणते ते?”

“ते काढावं लागलं. चूकच उरली नाही ना.”

मी कपाळावर हात मारला. “थप्पड वाईट, हे मला शिकवतेस? मी खाल्लीय ती! चिंगी म्हणजे मी.”

मग मी बोलत सुटले. आमच्या आईने जन्मात कुणापुढे नमतं घेतलं नाही. दूध मांजराने सांडलं हे तिला संध्याकाळीच कळलं, पण तोंडातून शब्द नाही. मी गाल फुगवून बसले, तरी नाही. पुढे पुस्तक छापून आलं, तेव्हा पहिली प्रत माझ्या हातात कोंबली, ‘शेवटचं पान वाच’ म्हणाली आणि तरातरा आत निघून गेली.

“तेवढीच माफी मागितली तिने माझी. आणि तू तीच काढून टाकलीस.”

बिचारी ओशाळली. “मग माफी ठेवू या? आई नुसतंच सॉरी म्हणेल.”

“कशाबद्दल?”

“असंच... सर्वसाधारण.”

“सर्वसाधारण! तुझ्या हुशारीपुढे हात टेकले बाई.”

“पण मावशी, थप्पड ठेवली तर पुस्तक निघणारच नाही. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय.”

आईचं पुस्तक पुन्हा दुकानात दिसावं, एवढीच माझी इच्छा होती. तरी मी जुनी प्रत उचलून पिशवीत टाकली. “नाही निघालं तर नाही,” म्हटलं. डोळे भरले मेले ऐन वेळी.

“मावशी, रडताय?”

“छे गं,” मी डोळे पुसले. “कांदा झोंबला, असं लिही.”