वरच्या दातांना हात नको

सत्याऐंशी साली दोंडाईच्यात स्टेशनरोडला दातांचा डॉक्टर बसला. नाव देवचंद, मिसरूड नुकतंच फुटलेलं. माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून गेलो, तर म्हणतो कसा, "भिकनभाऊ, दातांवर कीटण चढून त्याचा दगड झालाय. तो खरवडून दात साफ करावे लागतील, नाहीतर सुटतील."

मी बँडमध्ये क्लारनेट वाजवणारा माणूस. वाद्याचं तोंड वरच्या पुढच्या दातांनी धरावं, तेव्हा कुठे सूर निघतो. तेच दात हलायला लागले होते. आणि हा बाबा म्हणतो, त्यांना धरून बसलेला दगडच काढतो. मला काय वेड लागलंय? घरी बायको कलाबाई म्हणाली, "त्याना कवळीना धंदा शे, समजत नही का तुमले?"

पण रक्त काही थांबेना. मग मी शक्कल काढली. डॉक्टरला म्हटलं, खालचे दात साफ करा, वरच्यांना हात नको. महिनाभर बघतो, मग ठरवतो.

"वरचंच जास्त बिघडलंय," एवढं बोलून तो आकड्यासारख्या सळईनं खरवडत बसला. वाद घातला नाही, त्यानं तर माझा संशय आणखी वाढला. ताटलीत पिवळे-काळे तुकडे पडले. म्हटलं झालं, फोडले दात बेट्यानं. तुकडे रुमालात बांधून घेतले, पुरावा म्हणून.

घरी पाणी प्यालो तर कळ मस्तकात गेली. दातांच्या फटींत जीभ जायला लागली. बँडवाल्यांसमोर रुमाल सोडला आणि सांगितलं, बघा, हे माझे दात. सगळे हळहळले. मला बरं वाटलं.

आठ-दहा दिवसांनी कळ गेली. खालच्या हिरड्यांतून रक्त यायचंही थांबलं. मी म्हटलं, हा बाभळीच्या दातणाचा गुण. डॉक्टर रस्त्यात दिसला की मी पानटपरीच्या आड व्हायचो.

वैशाखात पिंपळनेरला लग्न होतं. वरात मारुतीच्या पारापाशी आली. मी वरचा सूर धरला आणि तोंडात काहीतरी सुटलं. हातावर घेतलं तर वरचा पुढचा दात. मुळासकट आणि दगडासकट. वरात थांबली होती, सगळे माझ्याकडे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसमोर जाऊन बसलो. त्यानं खालचे दात बोटानं हलवून पाहिले, एकही हलेना. वरचे उरलेले साफ केले. म्हणाला, "हे टिकतील."

"आणि क्लारनेट?"

तो हात धुवायला गेला.

बँडच्या मालकानं क्लारनेट खुळखुळा वाजवणाऱ्या वनाला दिलं, माझ्या हातात त्याचा खुळखुळा. वरातीत लोक विचारतात, भिकनभाऊ, दात कोणी पाडला? डॉक्टरचं नाव सांगायला मला फार आवडलं असतं. पण त्या दाताला मी त्याला हातच लावू दिला नव्हता.